खेड्यात जिओकॅशिंगचा महामेळावा भरवायचाय? यजमानपदाचा प्रस्ताव असा तयार करा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कुठे भरणार हे कसं ठरतं, ते आपल्याला ठाऊक आहे. गावोगावच्या संस्था महामंडळाला निमंत्रणं पाठवतात, स्थळ निवड समिती येऊन मांडव, निवास आणि जेवणाची सोय बघून जाते आणि मग एका गावाचं नाव जाहीर होतं. जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ; त्याच्या जिओवुडस्टॉक या अमेरिकेतल्या नावाजलेल्या मेळाव्याचं यजमानपदही बरंचसं असंच मागावं लागतं. इच्छुक गट प्रस्ताव देतात आणि पूर्वी हा मेळावा भरवलेली मंडळी त्यातून निवड करतात. २००३ साली केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला सुरू झालेला हा मेळावा दर वेळी नव्या ठिकाणी जातो, आणि ते ठिकाण मोठं शहरच असायला हवं असं मुळीच नाही. २००९ साली तो टेनेसीतल्या बेल बकलला भरला. त्या गावची वस्ती ५०० च्या आसपास! पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्यातलं कार्नेशन, त्याच्या पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातलं वॉरन. दोन्ही छोटी गावं.

अमेरिकेत लहान गावांतून राहणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. कुणी तिथल्या इस्पितळात, कुणी कारखान्यात, कुणी कॉलेजात. मुलांना घेऊन शनिवार-रविवारी डबे शोधणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात 'आपल्या काउंटीत (म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्यात) हा मेळावा का नको?' असं आलं असेल, तर पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

आधी थोडी ओळख

मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रावरही जागा काही मीटरच्या अचूकतेने सापडू लागली. त्यानंतर लगेच, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात एकाने रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. हा या खेळातला पहिला डबा. आज जगभर असे लाखो डबे आहेत आणि खेळाचं मुख्यालय सिअ‍ॅटलला आहे. खेळाडू एकत्र जमतात त्या कार्यक्रमाला इव्हेंट म्हणतात. ५०० किंवा जास्त माणसं आली तर तो मेगा इव्हेंट, ५,००० च्या वर गेली तर गिगा. पहिला गिगा २०१४ साली म्युनिकला झाला. खेड्याने मेगाचा विचार करावा, गिगाचा नको.

पहिली पायरी: दुसऱ्याच्या मेळाव्यात राबून या

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी निदान एका मेगाला जा, आणि नुसते पाहुणे म्हणून जाऊ नका. आयोजकांना आधी कळवून पार्किंगचं किंवा नोंदणीच्या टेबलाचं काम मागून घ्या. ओहायोतल्या वॉसिऑनला फुल्टन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर मिडवेस्ट जिओबॅश हा मेळावा भरत आला आहे. खेड्याच्या मैदानावर तंबू, मोटारघरं, मुलांचे खेळ आणि खाण्याचे ठेले एकत्र कसे नांदतात, हे शिकायला तशी जागा उत्तम. सकाळी फाटकावर गाड्यांची रांग किती लांबते, दुपारी पाणी कुठे संपतं, संध्याकाळी कचरा कोण उचलतं, हे टेबलामागे उभं राहिल्यावरच दिसतं.

त्यासोबतच आपल्या गावात छोटे इव्हेंट घ्यायला सुरुवात करा. एखाद्या कॅफेत संध्याकाळची भेट ठेवा, नदीकाठी साफसफाईचा कार्यक्रम घ्या. या सफाईच्या कार्यक्रमाला खेळाडू 'सीटो' म्हणतात आणि गावाशी ओळख व्हायला त्याच्यासारखी दुसरी वाट नाही. हातात झाडू-पिशवी घेतलेली तुमची माणसं गावाने आधी पाहिलेली असली, की पुढची प्रत्येक परवानगी सोपी जाते.

दुसरी पायरी: गावाला विचारा

या टप्प्यावर मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ थांबवणार आहे. पुष्कळ गट प्रस्ताव मंजूर झाल्यावर गावाकडे वळतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. पाहुण्यांना सांभाळणार आहे ते गाव. त्यांचा होकार हातात नसेल तर तुम्ही निवड समितीपुढे जे मांडाल ते दुसऱ्याच्या घरचं जेवणाचं आमंत्रण ठरेल.

सुरुवात काउंटीच्या पर्यटन कार्यालयापासून करा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हॉटेलच्या बिलावर निवासकर असतो आणि त्यातला पैसा पर्यटन वाढवण्यासाठी वापरतात. त्यामुळे 'अमुक इतकी माणसं दोन-तीन रात्री राहतील' ही भाषा त्या कार्यालयाला लगेच कळते. जिओकॅशिंग म्हणजे काय हे त्यांना कदाचित माहीत नसेल. तक्ते दाखवत बसू नका, सोबत बाहेर नेऊन एक डबा शोधायला लावा.

मग जत्रेच्या मैदानाचं मंडळ. मग शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. मग स्वयंसेवी अग्निशमन दल. ग्रामीण अमेरिकेत हे दल म्हणजे गावचेच लोक असतात आणि निधीसाठी नाश्त्याचे, कोंबडी भाजण्याचे कार्यक्रम करत असतात. शनिवार सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे, दुपारचं जेवण चर्चच्या महिला मंडळाकडे, आइस्क्रीम शाळेच्या वाद्यवृंदाकडे, अशी वाटणी झाली तर पैसा गावातच राहतो आणि प्रत्येक घरातलं कुणीतरी या कामाशी जोडलं जातं. बाहेरचा मोठा केटरर आणण्याचा मोह होईल, पण खेड्यातल्या मेळाव्यात तो आणू नये असं मला मनापासून वाटतं.

शेरीफच्या कार्यालयाशी एक बोलणं सविस्तर करा. एका शनिवारी शेकडो अनोळखी गाड्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला थांबतील, माणसं उतरून कुंपणाच्या खांबामागे, पुलाच्या कठड्याखाली, झाडाच्या ढोलीत हात घालतील. ज्यांना हा खेळ माहीत नाही ते ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करतीलच, आणि त्यांचं काही चुकणार नाही. म्हणून डब्यांच्या जागांची यादी आणि नकाशा फोन घेणाऱ्या कक्षाकडे आधीच पोचवा. डब्यांवर खेळाचं नाव ठळक लावा. शाळेच्या आवाराजवळ, रेल्वेरुळांपाशी, पुलांच्या सांध्यांत काही ठेवू नका.

सर्वांत शेवटी शेतकरी, आणि त्यांच्याकडे स्वतः जा. चिठ्ठी टाकून किंवा मेल पाठवून हे काम होत नाही. ओट्यावर बसून बोला. गवत कधी कापणार, गुरं कुठल्या कुरणात असतील, कुठलं फाटक उघडं चालेल आणि कुठलं नाही, फवारणी कोणत्या आठवड्यात आहे, कुत्रा कसा आहे, हे सगळं टिपून घ्या. 'माझ्या बांधावर नको' असं कुणी म्हणालं तर आभार मानून ती जागा नकाशावर लाल करा आणि त्यांना तो नकाशा दाखवा. आपला नकार नोंदला गेलाय हे दिसल्यावर माणसाला तुमच्या बाकीच्या शब्दावरही विश्वास बसतो.

या भेटींमधून तारीख आपोआप पुढे येते. पेरणी, गवतकापणी, शिकारीचा हंगाम, शाळेचा पदवीदान समारंभ, काउंटीची जत्रा हे सगळं टाळायचं. जिओवुडस्टॉक बहुधा मेअखेरच्या मेमोरियल डेच्या किंवा ४ जुलैच्या आगेमागे येत आला आहे. बेल बकलचा शनिवार २३ मे होता, कार्नेशनचा ३ जुलै, वॉरनचा २ जुलै. लांबून येणाऱ्यांना जोडून सुट्टी मिळते, हा फायदा. तोटा असा की त्याच दिवसांत मराठी मंडळांची स्नेहसंमेलनंही असतात आणि उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही बहुधा ४ जुलैच्या सुमारासच असतं. मराठी कार्यकर्ते हाताशी हवे असतील तर ते कॅलेंडरही उघडून बसा.

गावात गर्दीची सवय आधीपासून असेल तर प्रस्तावात ती जरूर लिहा. बेल बकलला दर जूनमध्ये आरसी कोला हे शीतपेय आणि मूनपाय हे गोड बिस्किट यांचा महोत्सव भरतो आणि गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं येतात. अशा गावाला रस्ते कसे वळवायचे, शौचालयं कुठे उभी करायची हे शिकवावं लागत नाही.

प्रत्येक होकार पत्रावर घ्या. 'आमचा पाठिंबा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. 'आम्ही शुक्रवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत मैदान देऊ, वीज आणि पाणी त्यात धरलेलं आहे' असं नेमकं वाक्य असलेलं एक पत्र दहा गोड पत्रांना भारी पडतं.

तिसरी पायरी: मैदान

काउंटीच्या जत्रेचं मैदान मिळत असेल तर दुसरीकडे बघू नका. छपराच्या इमारती, गुरांच्या मोकळ्या पडव्या, विजेची जोडणी, पक्की शौचालयं, मोटारघरांच्या जागा हे सगळं एका कुंपणात असतं. दोनदा जाऊन बघा, आणि त्यातली एक भेट जोरदार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पार्किंगचं कुरण चिखल झालं तर गाड्या ओढायला ट्रॅक्टर कुणाचा येणार, हे त्याच दिवशी तिथेच ठरवून टाका. पावसात सगळ्यांना एका वेळी छताखाली घेता येतं का? चाकाच्या खुर्चीवरून नोंदणीच्या टेबलापर्यंत आणि शौचालयापर्यंत जाता येतं का? गर्दीतून रुग्णवाहिका कुठून आत येईल? या तीन प्रश्नांची उत्तरं नकाशावर रेघा मारून लिहा.

जंगल जवळ असेल तर तिथेच मेळावा भरवावा असं वाटू शकतं. वॉरनला लागूनच अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वन आहे. पण राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर ७५ किंवा जास्त माणसं जमणार असतील तर बिगर-व्यावसायिक कार्यक्रमालाही वनखात्याचा परवाना लागतो. मुख्य गर्दी मैदानावर ठेवावी आणि जंगल खेळाडूंना आपापल्या वेळेने फिरायला मोकळं सोडावं, हे बरं.

मोबाइलचं जाळं हा खेड्याचा कच्चा दुवा. रोज शंभर फोन चालवणाऱ्या मनोऱ्यावर हजार फोन आले की नकाशे उघडेनासे होतात, आणि हा तर नकाशांवरच चालणारा खेळ. कंपनीकडे फिरता मनोरा मागून बघा, पण त्यावर विसंबू नका. डब्यांची यादी आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायला पाहुण्यांना सांगा, आणि नोंदणीच्या टेबलावर छापील नकाशे ठेवा. स्वयंसेवकांच्या आपसातल्या संपर्कासाठी जवळच्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या) क्लबला बोलवा. आणीबाणीच्या सरावासाठी अशी कामं त्यांना हवीच असतात, आणि त्यांच्यातले पुष्कळजण स्वतः डबे शोधणारे निघतात.

राहण्याची सोय वर्तुळं आखून मांडा: १५ मिनिटांच्या अंतरात किती खोल्या, अर्ध्या तासात किती, तासाभरात किती. खेड्यात पहिल्या वर्तुळात आकडा लहानच येणार. तो लपवू नका. मैदानावरच्या तंबूंच्या जागा आणि शेजारच्या गावातली हॉटेलं धरून बेरीज पुरेशी होते, हे दाखवा. जवळचा विमानतळ आणि तिथून गाडीने लागणारा वेळ तेवढा लिहा.

चौथी पायरी: शोधायला काय आहे?

माणसं मेळाव्याला भेटायला येतात हे खरं, पण त्यांना शोधायलाही हवं. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि प्रत्येक डबा प्रकाशित होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक तो तपासतो. तो माणूसही आपली नोकरी सांभाळून हे काम करतो. मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात दोनशे डबे त्याच्यावर लादणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जमीनमालकांच्या परवानग्यांसह यादी काही महिने आधी द्या आणि ते कधी प्रकाशित करायचे ते त्याच्याशी बोलून ठरवा.

मेळाव्यापुरते ठेवून सोमवारी उचलायचे डबे नियमात बसत नाहीत. ते टिकायला हवेत. म्हणजे पाहुणे गेल्यावर ते कोण सांभाळणार, डब्यातली, शोधणारे नाव लिहितात ती वही भिजली तर कोण बदलणार, हे आत्ताच ठरवा. स्थानिक खेळाडू चार-पाचच असतील तर पन्नास चांगले डबे ठेवा. रस्त्याच्या प्रत्येक खांबाला एक अशी दोनशेची माळ लावण्यापेक्षा, बंद पडलेली एकखोलीची शाळा, जुना लाकडी झाकलेला पूल, धान्याची कोठारं, गावाच्या संस्थापकांचा ओढा अशा जागांकडे नेणारे पन्नास लोकांच्या लक्षात राहतात. गावच्या इतिहास मंडळातल्या आजी-आजोबांना सोबत घेऊन बसलात तर इतक्या जागा आणि इतक्या गोष्टी मिळतात, की निवड करणं अवघड जावं.

डब्याला काठिण्य आणि चढ-उतार यांसाठी एक ते पाच अशी श्रेणी असते. चढ-उताराची श्रेणी एक म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल अशी जागा. अशा जागा मैदानाभोवती भरपूर ठेवा. गोचिडी आणि पॉयझन आयव्ही (अंगाला लागलं की खाज आणणारं झुडूप) कुठे आहेत ते प्रत्येक पानावर लिहा. लांबून येणाऱ्याला ते झुडूप ओळखता येत नाही.

पाचवी पायरी: पैसा

नफ्यासाठी इव्हेंट घेता येत नाही. खर्च भरून निघाला पाहिजे, एवढंच उद्दिष्ट. खर्चाच्या बाजूला मैदानाचं भाडं, विमा, फिरती शौचालयं, कचरा, ध्वनियंत्रणा, प्रथमोपचार, छपाई आणि रस्त्यावरचे पोलीस येतात. विमा सगळ्यात आधी विचारा, कारण मैदानाचं मंडळ 'आमचंही नाव पॉलिसीत घाला' असं म्हणणारच. जमेच्या बाजूला पर्यटन कार्यालयाचं अनुदान, ठेल्यांचं भाडं, प्रायोजक, टी-शर्ट आणि मेळाव्याचं नाणं. हे नाणं खेळाडू जपून ठेवतात. प्रत्येकावर वेगळा क्रमांक असतो आणि त्याचा प्रवास साइटवर नोंदवता येतो. आगाऊ मागणी घेऊनच ते पाडायला द्या, म्हणजे उरलेल्या नाण्यांचा बोजा अंगावर पडत नाही.

अंदाजपत्रक दोन करा, एक ५०० माणसांचं आणि एक त्याच्या तिप्पट माणसांचं. पाऊस पडून निम्मीच माणसं आली तर तूट कोण सोसणार, हेही लिहा. समितीत बसलेल्यांनी स्वतः हे सगळं निभावलेलं असतं. त्यांची नजर पहिली इथेच जाते.

सहावी पायरी: प्रस्ताव लिहिणं आणि मांडणं

आता लिहायचं काम सोपं आहे, कारण सगळं हाताशी आहे. पहिल्या पानावर ठिकाण, तारीख, पर्यायी तारीख, मैदानाचं नाव आणि मुख्य जबाबदार व्यक्ती. मग मैदानाचा नकाशा, निवासाची वर्तुळं, डब्यांचा आराखडा, दोन्ही अंदाजपत्रकं, पावसाची योजना, पत्रं. चमूच्या माहितीत प्रत्येकाने आधी काय काम केलंय ते लिहा. ज्यांनी मंडळाच्या गणेशोत्सवात दोन दिवस भटारखाना किंवा पार्किंग सांभाळलं आहे, त्यांनी ते अजिबात संकोच न करता लिहावं. तिथे लागणारं कसब हेच आहे. पण कोषाध्यक्ष आणि मैदानप्रमुख या दोन जागी गावातली, निदान काउंटीतली माणसं हवीत, आणि प्रत्येक मुख्य कामाला दुसरं नाव हवं. दीड-दोन वर्षांत कुणाची बदली होते, कुणाला बाळ होतं, कुणाचे आईवडील भारतात आजारी पडतात.

स्पर्धा जिओवुडस्टॉकची असेल तर त्या वर्षीचे नियम आणि मुदत आयोजकांकडून लेखी मागवून घ्या. तुम्ही स्वतंत्र मेगा घेत असाल तर समिती नसते. तेव्हा स्थानिक परीक्षकाशी बोलून मुख्यालयाकडे मेगा दर्जासाठी अर्ज करायचा असतो. तयारी दोन्हीकडे हीच.

प्रत्यक्ष मांडणीला सोबत गावातलं कुणीतरी न्या: पर्यटन कार्यालयाची संचालिका, अग्निशमन दलाचा प्रमुख किंवा ज्याच्या कुरणात गाड्या लागणार आहेत तो शेतकरी. तुम्ही दहा मिनिटं बोललात तर त्यांना तीन मिनिटं द्या. 'चिखल झाला तर?' या प्रश्नाला 'माझे दोन ट्रॅक्टर आहेत, मी फाटकावर असेन' हे उत्तर शेतकऱ्याच्याच तोंडून यावं. समिती जागा बघायला येणार असेल तर तिला चकचकीत हॉटेलात उतरवू नका. गावच्या डायनरमध्ये नाश्ता द्या, मैदानावर चालत फिरवा, दोन-तीन डबे शोधू द्या.

उत्तर आल्यावर

नकार आला तर पत्रं देणाऱ्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात फोन करा. मैदान तेच आहे, माणसं तीच आहेत. दीड-दोनशे जणांचा प्रादेशिक मेळावा घ्या आणि पुढच्या वेळच्या प्रस्तावात त्याची छायाचित्रं आणि हिशेब जोडा.

होकार आला तर जाहीर करण्याआधी तीन कामं उरका. मैदानाची अनामत भरा. ज्यांच्याकडे जेवण आहे त्यांना तारीख पक्की झाल्याचं कळवा. नकाशावर लाल केलेल्या जागांच्या मालकांना पुन्हा भेटून 'तुमच्याकडे कुणी येणार नाही' असं सांगा. मग दर महिन्याला गावात एक उघडी बैठक ठेवा, शक्यतो अग्निशमन केंद्रातच, आणि कुणीही येऊन बोलू शकेल असं बघा.

मेळाव्याच्या रविवारी सकाळी सफाईचा कार्यक्रम ठेवा. मैदानासोबत आजूबाजूच्या रस्त्यांच्या कडाही त्यात घ्या. महिनाभरात हिशेब पूर्ण करून काही शिल्लक राहिली तर ती कुणाला द्यायची ते गावाच्या बैठकीत ठरवा. आणि सगळे नकाशे, याद्या, पत्रांचे नमुने, पुरवठादारांचे दर एका फायलीत घालून पुढच्या वर्षीच्या यजमानांकडे पाठवून द्या.